मुलांच्या उसन्या खाटा

अतिदक्षता विभागाची पाळेमुळे एका मुलीच्या आजारपणात आहेत. ऑगस्ट १९५२मध्ये कोपनहेगनच्या ब्लेगडम रुग्णालयात पोलिओने श्वास अडकलेल्या १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवली गेली. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. पुढे काही महिने सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने अशाच पिशव्या दाबत होते.

मुलांचे हे ऋण फिटण्याऐवजी २०२०च्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये वाढले. कोविडने मुले क्वचितच अत्यवस्थ होत. मोठ्यांना मात्र खाटा पुरेनात. ब्राँक्समधल्या माँटेफिओरच्या बालरुग्णालयाने मोठी माणसे दाखल करून घेतली. वजनाप्रमाणे औषध मोजण्यात मुरलेल्या बालरोग परिचारिकांपुढे आता मधुमेह, रक्तदाब असलेले आजीआजोबा होते. एकेकाला पालथे करायला चार-पाच जण लागत. आजारी मुलाच्या उशाशी आईबाप असतात. इथे भेटीवर निर्बंध होते.

याची किंमत मुलांनीही मोजली. तातडीच्या नसलेल्या त्यांच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या. म्हणून पुढच्या साथीचा आराखडा करताना या खाटा ‘शिल्लक’ धरू नयेत. त्या उसन्या होत्या आणि उसने वेळेत परत करायचे असते.