भरपाईचा पैसा आणि दुखावलेले मन : अत्याचारग्रस्तांसोबत आर्थिक समुपदेशन कसे करावे?

अत्याचाराची घटना घडली की आपले कार्यकर्ते धावून जातात. एफआयआरसाठी पोलीस ठाण्यासमोर ठाण मांडतात, निवेदने देतात, मोर्चे काढतात. काही आठवड्यांनी गर्दी ओसरते आणि पीडितेच्या खात्यात शासनाच्या मदतीचा पहिला हप्ता जमा होतो. त्या दिवसापासून पुढे काय करायचे, हे सांगणारे तिच्याजवळ सहसा कोणी नसते. नातेवाईक येतात, सावकार येतो, “मी तुमचे काम करून दिले” म्हणणारा मध्यस्थही येतो. कार्यकर्त्याने त्या वेळी काय करावे आणि काय टाळावे, याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

हक्क कोणते?

अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा 1989 चा, त्याचे नियम 1995 चे. 14 एप्रिल 2016 च्या सुधारणेनंतर मदतीची रक्कम गुन्ह्यानुसार 85 हजारांपासून 8 लाख 25 हजारांपर्यंत आहे. बलात्कारासाठी 5 लाख, तर सामूहिक बलात्कार व खुनासाठी 8 लाख 25 हजार रुपये. खुनाच्या प्रकरणात याशिवाय वारसांना मासिक पेन्शन, मुलांचे शिक्षण, नोकरी किंवा शेतजमीन अशा पुनर्वसनाच्याही तरतुदी आहेत.

नियम 12 नुसार तातडीची मदत सात दिवसांत मिळायला हवी. ती वेळेवर किंवा पुरेशी मिळाली नाही, तर विशेष न्यायालय ती देण्याचा आदेश करू शकते. हाच नियम असेही सांगतो की, ही मदत इतर कायद्यांखालील भरपाईच्या हक्काव्यतिरिक्त आहे. कायद्याचे कलम 15अ तपास आणि खटल्याच्या काळातील प्रवासखर्च व निर्वाहखर्चाचा हक्क देते. मजुरी बुडवून तारखेला जाणाऱ्या कुटुंबासाठी हा हक्क मोठा आहे, पण तो मागितला जात नाही.

बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यासाठी महाराष्ट्रात 2013 पासून ‘मनोधैर्य’ योजना आहे. तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. बालकांच्या प्रकरणात पॉक्सो नियम 2020 नुसार विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

बौद्ध कुटुंबांनी जातीच्या दाखल्याकडे आधी लक्ष द्यावे. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. तरीही दाखला नाही म्हणून कुटुंबांना हेलपाटे घालावे लागतात. हे काम पीडितेवर न टाकता कार्यकर्त्याने अंगावर घ्यावे.

आघाताची जाण म्हणजे काय?

मोठा आघात सोसलेल्या माणसाला घटना क्रमाने आठवतेच असे नाही. तारखा चुकतात, लक्ष लागत नाही, साधा अर्ज समोर आला तरी हात थरथरतो. कोणी गप्प होते, कोणी चिडते. कोणी येईल त्या कागदावर सही करते, कारण नाही म्हणण्याची ताकदच उरलेली नसते. हा निष्काळजीपणा नव्हे.

त्यात पैशाचे स्वतःचे ओझे असते. “पैशासाठी केस केली” हा टोमणा गावात ऐकावा लागतो. खून झालेल्याच्या आईला तो पैसा हात लावायलाही नकोसा वाटू शकतो. अशा वेळी “घ्या हो, तुमचा हक्क आहे” एवढे म्हणून भागत नाही. ही कोणाच्या जिवाची किंमत नाही, राज्याने संरक्षण दिले नाही म्हणून राज्यावर आलेली ही जबाबदारी आहे, हे शांतपणे आणि गरज पडेल तितक्या वेळा सांगावे लागते.

बसायचे कसे, बोलायचे कसे?

- घटना पुन्हा सांगायला लावू नका. एफआयआरची प्रत, वैद्यकीय कागद, दाखला, पासबुक यांच्या झेरॉक्स एका फाइलमध्ये लावा. बहुतेक उत्तरे तिथेच मिळतात.
- “ताई, या वेळी सोबत कोण हवे, कोण नको?” हे तिला एकटीला विचारा. नवरा, दीर किंवा भाऊ खोलीत हवाच असे गृहीत धरू नका.
- एका बैठकीत एकच विषय घ्या. थकवा दिसला की थांबा. ठरलेले सोप्या मराठीत कागदावर लिहून द्या.
- मिळेलच असे आश्वासन देऊ नका. काय ठरलेले आहे आणि काय अनिश्चित आहे, दोन्ही सांगा.
- निर्णय तिचा. अत्याचाराने तिच्या हातून ताबा हिसकावला होता. मदतीच्या नावाखाली आपण तो पुन्हा हिसकावू नये.

पैशाचा हिशेब

बलात्काराच्या प्रकरणातील 5 लाख एकदम येत नाहीत. वैद्यकीय तपासणी व पुष्टी करणाऱ्या अहवालानंतर निम्मे, म्हणजे अडीच लाख. दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर सव्वा लाख. खालच्या न्यायालयातील खटला संपल्यावर उरलेले सव्वा लाख. खटला वर्षानुवर्षे चालू शकतो. म्हणून शेवटच्या हप्त्याच्या भरवशावर कर्ज काढू नये, लग्न ठरवू नये.

पहिली चौकशी खात्याची करा. खाते एकटीच्या नावावर आहे का? एटीएम कार्ड आणि पिन कोणाकडे आहे? बँकेचा मेसेज आणि ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो? खाते तिचे आणि मोबाइल दिराचा असेल, तर पैसा तिचा राहत नाही. त्याच बँकेत जुने कर्ज थकलेले असेल तर दुसऱ्या बँकेत जनधन खाते उघडणे सुरक्षित.

नंतर खर्चाचे तीन भाग करा : आत्ताच लागणारे (उपचार, धान्य, भाडे, सुरक्षित जागा), खटला संपेपर्यंत लागणारे, आणि पुढच्या आयुष्यासाठीचे. पहिला भाग सोडून बाकीचे मोठे निर्णय काही महिने पुढे ढकलले तर बिघडत नाही. जमीन, गाडी, सोने, विमा विकायला येणाऱ्याला “नंतर बघू” म्हणायची सवय लावा.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2018 च्या महिलांसाठीच्या योजनेत 75 टक्के रक्कम किमान तीन वर्षे मुदत ठेवीत राहते, 25 टक्के लगेच वापरता येते. अल्पवयीन मुलीसाठी 80 टक्के रक्कम ती सज्ञान होईपर्यंत ठेवली जाते, मात्र शिक्षण वा उपचाराची निकड असेल तर प्राधिकरणाच्या परवानगीने काढता येते. व्याज दरमहा बचत खात्यात येते. 3 लाखांच्या ठेवीवर साडेसहा टक्के दर धरला तर महिन्याला सुमारे 1,625 रुपये. एवढ्यावर घर चालत नाही, पण तारखेला जायचे भाडे कोणाकडे मागावे लागत नाही.

आपल्याच घरातले पथ्य

धनादेश देतानाचे फोटो काढू नका. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. आईवडिलांचा फोटो किंवा वस्तीचे नाव टाकले तरी ओळख फुटते. रकमेतून टक्केवारी, “संघटनेचा निधी” किंवा धम्मदान मागू नका. समुपदेशन करणाऱ्याने विम्याची वा चिटफंडाची एजंटगिरी करू नये. मनाचा त्रास वाढत असेल, झोप उडाली असेल, जगणे नको वाटत असेल, तर हिशेब बाजूला ठेवून आधी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठा.

प्रत्येक तालुक्यात निदान दोन तरुण, त्यातली एक मुलगी, हे काम शिकून घेऊ शकतात. अत्याचारविरोधी हेल्पलाइन 14566, विधी सेवा 15100, महिला 181 आणि बालक 1098 हे क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवा. मोर्चाला हजार माणसे लागतात. पहिल्या हप्त्यानंतर तिच्याशेजारी बसायला एकच विश्वासाचा माणूस पुरतो, पण तो निकाल लागेपर्यंत टिकला पाहिजे.