कुंभारवाड्यातून रिकाम्या हाताने

मांड्यांची कथा आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकली आहे. निवृत्तिनाथांना मांडे खाण्याची इच्छा झाली, मुक्ताई खापर आणायला कुंभारवाड्यात गेली, विसोबा चाटींनी कुंभारांना दटावले, पोर रडत घरी आली आणि ज्ञानोबारायांनी आपल्या पाठीवर मांडे भाजून घेतले. पाठ तापली की मंडपात गजर होतो. पण त्या कुंभारांकडे आपले लक्ष किती वेळा गेले? त्यांचे मुक्ताईशी वैर नव्हते. खापरे घरात रचलेली होती. आडवा आला तो गावातल्या मोठ्या माणसाचा धाक. छळ एकट्या चाटींनी केला. मुक्ताई रिकाम्या हाताने परतली ती मात्र बाकीचे गप्प बसले म्हणून.

ती चार भावंडे म्हणजे गावाच्या तोंडी ‘संन्याशाची पोरे’. विठ्ठलपंत संन्यास सोडून गुरूंच्या आज्ञेने संसारात परतले, त्याचा राग गावाने लेकरांवर काढला. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, तरी पोरांचे नाव काही पुसले गेले नाही. शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणची वाट धरावी लागली. ज्ञानोबांचा जन्म शके ११९७चा मानला तर मुक्ताई त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. म्हणजे हे सारे आपल्या नातवंडांच्या वयात घडले.

अशातच एकदा लोकांच्या बोलण्याने ज्ञानोबा दुखावले आणि झोपडीची ताटी लावून आत बसले. ताटीचे अभंग त्या प्रसंगाचे. मुक्ताईने त्या वेळी काय केले, हे मुलांना नीट सांगावे. ती बोलणाऱ्यांशी भांडायला गेली नाही. ‘त्यात काय एवढे’ असेही म्हणाली नाही. त्या अभंगांत उपदेश आहे खरा, पण तो दाराशी बसून केलेला आहे. ताटी उघडेपर्यंत ती तिथून हलली नाही.

हे सगळे सातशे वर्षांपूर्वीचे म्हणून बाजूला ठेवता येत नाही. सातारच्या शाळेत लहानग्या भीमराव आंबेडकरांना वर्गात कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायचे गोणपाट रोज घरून आणायचे आणि संध्याकाळी परत न्यायचे. नळाला हात लावायची मुभा नव्हती; शिपाई नसला की पाणी नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. त्या वर्णनात वर्गातला कोणी सोबती जवळ सरकल्याचा उल्लेख नाही. आठवण राहिली ती मधल्या सुट्टीत आपल्यातली भाजीभाकरी देणाऱ्या आंबेडकर गुरुजींची. आणि आपल्या दारचेही बोलू. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर. पण त्यांच्या भाऊबंदांना पांडुरंगाच्या पायांपर्यंत जायला १९४७ साल उजाडावे लागले, त्यासाठी साने गुरुजींना पंढरीत उपोषणाला बसावे लागले. मधल्या शतकांत आपण त्याच वाटेने जात-येत होतो.

आजच्या शाळेत गोणपाट गेले, कोपरा राहिला आहे. कोणी काळे, कोणी जाड, कोणी बोलताना अडखळते, कोणाचे कपडे जुने. नातू घरी आला की आपण गुण विचारतो. त्याऐवजी विचारा, ‘आज डबा एकट्याने कोणी खाल्ला रे?’ पहिल्या दिवशी त्याला उत्तर येणार नाही. चार दिवसांनी तो वर्गात बघू लागेल. ‘मी त्याच्याजवळ बसलो तर मलाही चिडवतील’ असे म्हणाला तर रागावू नका, ती भीती खरी आहे. कुंभारांचीही तीच होती. त्याला सांगा, एकटा जाऊ नकोस, दोघे-तिघे मिळून जा. दिंडी कधी एकट्याची असते का? आणि मारझोड होत असेल तर बाईंना सांगणे ही चहाडी नव्हे, हे आजोबाच्या तोंडून ऐकले की पोरांना धीर येतो. दयेचे तेवढे सांभाळावे. ‘बिचारा’ म्हटलेले पोरांना बोचते. खेळात गडी कमी आहे, ये, एवढे पुरते.

काल्याच्या कीर्तनात पेंद्या येतो. पायाने अधू, जिभेने बोबडा, आणि कृष्णाचा जिवलग. त्याची शिदोरी इतरांच्या शिदोरीत कालवली जाते. काही कीर्तनकार त्याच्या बोबडेपणाची नक्कल लांबवतात, मंडप हसतो. मला ते कधी रुचले नाही. त्या मंडपात एखादे तोतरे पोर आईच्या मांडीवर बसलेले असते आणि आपल्यावर कोण हसते ते त्याला बरोबर कळते.

उरला चिडवणारा. त्याला ठामपणे थांबवावे, पण वाया गेला म्हणू नये. आणि ज्याला त्रास झाला त्याच्यावर ‘सोडून दे’ म्हणून सक्तीही करू नये. चाटींना समजवायला मुक्ताई त्यांच्या दारी गेली नव्हती. तेच आपल्या पायांनी त्या घरी आले, ज्ञानोबांच्या ताटातले उष्टे मांडे खाल्ले, विसोबा खेचर झाले आणि पुढे औंढ्या नागनाथाला नामदेवरायांना गुरू म्हणून भेटले.