फ्रँकलिनची दुखरी मनगटे

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बॉस्टनमधल्या बेंजामिन फ्रँकलिन नावाच्या मुलाने पोहण्यासाठी दोन लंबगोल पाट्या तयार केल्या. लांबी सुमारे 10 इंच, रुंदी 6 इंच, अंगठा अडकवायला भोक. हात पुढे नेताना पाटी कडेने सरकवायची, मागे ओढताना सपाट बाजूने पाणी रेटायचे. पुढे प्रौढपणी एका पत्रात त्याने निकाल नोंदवला : वेग वाढला, पण मनगटे थकली. तळपायांना त्याने चपलांसारखे काही बांधून पाहिले, तेही पटले नाही. पायाचा रेटा केवळ तळव्यातून येत नाही, पावलाची आतली बाजू आणि घोटाही त्यात काम करतो, हे त्याच्या लक्षात आले.

आपल्याकडे विहिरीत शिकणाऱ्याच्या अंगाला सुका भोपळा बांधत. पोहता येऊ लागले की भोपळा सुटे. फ्रँकलिनचा प्रश्न भोपळा सुटल्यानंतरचा आहे : ज्याला पोहता येते, त्याला साधन कशासाठी हवे?

घोट्याची अडचण रबराने सोडवली. फ्रेंच नौदल अधिकारी लुई द कॉर्लिए यांनी 1933 मध्ये फिनचे पेटंट घेतले. 1940 च्या सुमारास अमेरिकेत ओवेन चर्चिल यांनी फिन बाजारात आणले. मात्र शर्यतीत फिन आणि पॅडल दोन्ही निषिद्ध आहेत. तलावावर त्यांना जागा मिळाली ती सरावापुरती.

चष्म्याची गोष्ट उलटी आहे. 1926 मध्ये इंग्लिश खाडी पोहणारी पहिली स्त्री गर्ट्रूड एडर्ली हिने मेणाने सांधे बुजवलेला चष्मा वापरला होता. तरीही 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मार्क स्पिट्झने सात सुवर्णपदके उघड्या डोळ्यांनीच जिंकली. ऑलिंपिकमध्ये चष्म्याला मुभा मिळाली ती 1976 पासून. चष्मा वेग देत नाही. पण क्लोरिनने डोळे चुरचुरायचे थांबले आणि सरावाचे तास वाढवता आले. स्पिट्झचे प्रशिक्षक, इंडियाना विद्यापीठाचे जेम्स कौन्सिलमन यांनी रूढ केलेले काठावरचे मोठे घड्याळही असेच. ते पोहणाऱ्याला ढकलत नाही, किती वेळात पोहलो आणि किती विसावा घेतला एवढेच दाखवते.

साधनानेच पोहायला सुरुवात केली तर काय होते, हे 2009 मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत दिसले. पॉलियुरेथेनच्या पोशाखांत 43 विश्वविक्रम झाले. विक्रम माणसाचा की कापडाचा, हे सांगणे कठीण झाले आणि 1 जानेवारी 2010 पासून ते पोशाख बंद झाले.

आज रोज दोन-तीन किलोमीटर पोहणाऱ्याने पिशवी भरताना हा क्रम ध्यानात ठेवावा. आधी डोळ्यांवर नीट बसणारा चष्मा आणि घड्याळाकडे पाहण्याची सवय. पॅडल तळहातापेक्षा किंचितच मोठे घ्यावे. खांदा दुखू लागला तर तत्काळ काढावे. फिन आखूड आणि लवचिक असावेत. मग साधने काठावर ठेवून एक फेरी मारावी आणि हात मोजावेत. पूर्वीपेक्षा कमी हातांत, तितक्याच वेळात फेरी झाली, तर साधनाने काही शिकवले. तसे नसेल, तर तो नव्या रूपातला भोपळाच, फक्त महागडा.