पेल्यातले पाणी

‘जुरासिक पार्क’ हिंदीत डब होऊन आला ते १९९४ साल. महाडच्या थिएटरात पंख्याच्या घरघरीत आणि शिट्ट्यांच्या गजरात तो मी पाहिला. सोबत पोलादपूरहून मुद्दाम एस.टी.ने आलेला एक शेतकरी मित्र होता. आता आम्हा महाडकरांना सरपटणाऱ्या प्राण्यांचे काय कौतुक? आमच्या सावित्रीच्या काठी मगरी ऊन खात पडलेल्या असतात. तरीही तो भला थोरला डायनासोर कुंपण तोडून बाहेर आला, तेव्हा अख्खे थिएटर खुर्चीत मागे सरकले. मित्राने मात्र माझे मनगट घट्ट धरले आणि विचारले, “त्या पोरांचं काय होणार रे?”

त्या प्रश्नात सिनेमाचे सगळे मर्म आले, हे मला फार उशिरा कळले.

त्या चित्रपटाच्या संगणकीय करामतीविषयी रकानेच्या रकाने लिहून आले. पण हिशेब मांडला तर दोन तासांहून मोठ्या चित्रपटात डायनासोर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटे. त्यातही संगणकाने घडवलेले थोडे. बाकीचे कारागिरांनी बनवलेले, यंत्रावर हलणारे पुतळे. मला आजही आठवतो तो पाण्याचा पेला. पाऊस पडतोय, गाडी बंद पडलीय, आत दोन मुले बसलीत आणि समोरच्या पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळे उमटू लागतात. प्राणी अजून दिसलेलाच नाही! ती वर्तुळे उमटवण्यासाठी गाडीच्या आत, पेल्याखाली गिटारची तार लावून छेडली होती म्हणे. करामत एवढीच. भीती आली ती गाडीतल्या मुलांमुळे. पुढच्या भागांत प्राणी वाढत गेले, संगणक सफाईदार झाला. पण मनगट धरणारा प्रश्न काही तितक्या जोराने आला नाही.

हे आपल्याकडे फार आधी एका माणसाला उमगले होते. धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटांकडे वळण्याआधी जादूचे प्रयोग करत. फाळके हे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ असे नाव त्यांनी घेतले होते. हातचलाखी त्यांच्या बोटांतच होती. १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांनी आपल्या लहानग्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केले. गंमत पाहा, चित्रपटाच्या आरंभीच ते तिचा साधा चेहरा दाखवतात, त्यावरचे नाना भाव दाखवतात आणि मग पाहता पाहता तोच चेहरा कृष्णाचा होतो. म्हणजे जादूगाराने आधीच सांगून टाकले, ही माझी पोर आहे बरे! तरीही ती पाण्यात कालियाशी झुंजू लागते तेव्हा जीव वरखाली होतो. कारण फाळके नुसता नाग दाखवत बसत नाहीत. ते पुन्हा पुन्हा काठाकडे वळतात. तिथे यशोदा आहे, नंद आहे, आकांत करणारे गोकुळ आहे. आपणही त्या काठावरच उभे असतो.

दुसरे उदाहरण माझ्या घरातले. आमचे आजोबा मुंबईच्या गोदीत कामाला होते. तिथे त्यांनी प्रभातचा ‘शेजारी’ पाहिला. १९४० साली लाहोरात मुस्लिम लीगने वेगळ्या राष्ट्राचा ठराव केला आणि पुढच्याच वर्षी व्ही. शांताराम यांनी एका गावातल्या दोन जिवलग शेजाऱ्यांची, एका हिंदूची आणि एका मुसलमानाची, गोष्ट पडद्यावर आणली. केशवराव दाते पाटील आणि गजानन जागीरदार मिर्झा. ‘पडोसी’ या हिंदी अवतारात तर मिर्झा तेच जागीरदार आणि हिंदू शेजारी म्हणून मजहर खान! धरणाच्या कामावरून कंत्राटदार दोघांत वितुष्ट आणतो आणि शेवटी धरण फुटते. संगणकाचा मागमूस नसताना चित्रित केलेल्या त्या प्रसंगाची आजही तारीफ होते.

पण आजोबांनी आम्हाला धरण कसे फुटले ते कधीच सांगितले नाही. पाणी किती उसळले, दगड कसे उडाले, काही नाही. गोष्ट तिथवर आली की ते थांबत, आपलाच एक हात दुसऱ्या हातात घेत आणि म्हणत, “हात सोडला नाही रे त्यांनी.” फाळणीच्या काळात मुंबईतल्या दंगली पाहिलेला माणूस होता तो. पुढे मी तो चित्रपट स्वतः पाहिला. पाण्याचा तो लोंढा खरोखर थक्क करणारा आहे. पण माझेही डोळे त्या दोन हातांवरच खिळले.

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्याही. दुसऱ्या दिवशी मी काठावर गेलो होतो. टीव्हीवाल्यांचे कॅमेरे लाल, फेसाळत्या पाण्यावर रोखलेले होते. दिवसभर देशाने तेच पाणी पाहिले. पाच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये महाडात पूर शिरला, तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हाही पडद्यावर पाणी आणि चिखलच होता.

काठावरची माणसे मात्र पाण्याकडे पाहत नव्हती. कुणाच्या हातात फोटो होता, कुणी फोन कानाला लावून उभा होता. माझा तो पोलादपूरचा मित्रही तिथे होता. त्याने ना पाण्याचा जोर विचारला, ना पूल किती साली बांधला ते. माझे मनगट धरून तो एवढेच म्हणाला, “गाडीत कोण कोण होतं, कळलं का?”

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)