पाण्यावांचून थंड होणारी गाडी

मोटारीच्या तोंडाशीं रेडिएटर असतो आणि त्यांतील पाणी संपलें कीं गाडी वाटेंत उभी राहते, हें घाट चढणाऱ्या कोणत्याहि प्रवाशास सांगावें लागत नाहीं. जर्मनींतील पोर्श कारखान्याच्या ९११ या नामांकित स्पोर्टस् मोटारीनें मात्र १९६४ पासून १९९८ पर्यंत पाण्याचा थेंबहि न घेतां आपलें काम चालविलें.

तिचें एंजिन मागील चाकांच्याहि मागें बसविलेलें असे, व एक मोठा पंखा सिलिंडरांवर वारा घाली. पाणीच नाहीं, तेव्हां तें उकळण्याची, गोठण्याची वा गळण्याची भीति नाहीं, असा या पद्धतीच्या कैवाऱ्यांचा युक्तिवाद होता. तो खरा होता, पण अर्धाच. सिलिंडरांच्या बाहेरील पात्यांस वारा लागतो; दट्ट्याची खालची बाजू, फिरता मुख्य दांडा आणि त्याची बेअरिंगें यांस तो लागत नाहीं. तेथील उष्णता वाहून नेण्यास वंगणाच्या तेलावांचून दुसरें कोणी नव्हतें. तेल फार तापलें म्हणजे पातळ होतें, त्याचा थर तुटतो, धातूवर धातू घासते, आणि हजारों रुपयांचें एंजिन कांहीं क्षणांत निकामी होतें. म्हणून या गाडीचा इतिहास हा बऱ्याच अंशीं तिच्या तेलाचा इतिहास आहे.

सप्टेंबर १९६३ मध्यें फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत ती प्रथम मांडली गेली, तेव्हां तिचें नांव ९०१ होतें. मधल्या शून्यावर प्यूजो या फ्रेंच कारखान्यानें हक्क सांगितला, म्हणून तें बदलावें लागलें. एंजिन सहा सिलिंडरांचें, १९९१ घनसेंटिमीटरांचें व १३० अश्वशक्तीचें होतें. त्याच्या तळाशीं तेल सांठत नसे. एक पंप तें उपसून निराळ्या टाकींत टाकी व दुसरा टाकींतून पुन्हां एंजिनास पुरवी. सुमारें नऊ लिटर तेल या फेऱ्यांत असे; एवढ्याच आकाराच्या साध्या एंजिनास त्याच्या निम्म्यांत भागतें. पंख्याच्या वाऱ्यांतच, एंजिनाला लागून, तेलाचा एक लहान शीतक बसविलेला होता.

एवढी व्यवस्था १३० अश्वशक्तीस पुरली. पण गिऱ्हाइकांस वेग हवा होता. ‘एस्’ या प्रकारांत शक्ति १९६६ सालीं १६० व १९६८ च्या अखेरीस १७० झाली, आणि तेथें जुना शीतक अपुरा पडला. त्या वेळीं अभियंत्यांनीं जो उपाय योजिला तो खरोखर मोठा होता: उजव्या बाजूच्या पुढील मडगार्डच्या आंत दुसरा शीतक बसवून, तेल गाडीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत नळ्यांनीं नेऊन परत आणलें. मध्यें उष्णतेनें उघडणारी झडप ठेवली. तेल सुमारें ८५ अंशांपर्यंत तापल्याखेरीज ती त्यास पुढें जाऊं देत नसे. तेल नेहमींच गार राहिलें तर तें दाट राहतें व त्यांतील ओल उडून जात नाहीं, हेंहि तितकेंच वाईट.

१९७२ च्या नमुन्यांत तर तोल साधण्यासाठीं टाकीच मागील चाकापुढें आणली, आणि तेल घालण्याचें झांकण उजव्या दाराच्या मागें बाहेरच्या अंगास आलें. पेट्रोलपंपावरील नोकरांनीं त्यांत पेट्रोल ओतण्यास आरंभ केला! पुढच्याच वर्षीं टाकी पूर्वस्थळीं गेली.

पुढील शीतकाचें रूप पालटत गेलें. कांहीं वर्षें तो नळीच्या नुसत्या वेटोळ्याचा होता. १९८४ च्या २३१ अश्वशक्तीच्या कॅरेरांत रेडिएटरसारखा पात्यांचा आला. गर्दींत उभ्या गाडीस वारा कोठला? म्हणून १९८७ मध्यें त्यास विजेचा पंखा जोडला. शर्यतीच्या १९७३ च्या आर्.एस्.आर्. गाडींत तो सरळ नाकाच्या मध्यभागीं, वाऱ्याच्या तोंडावर होता.

जुन्या ९११ चे मालक वेटोळें काढून असा पात्यांचा शीतक बसवूं लागले, तो ही सर्व वाटचाल पाहूनच. यांत घाई नडते. आलेल्या वाऱ्यास मडगार्डमधून बाहेर पडण्यास वाट न ठेवल्यास मोठा शीतकहि व्यर्थ होतो. फुटलेल्या एंजिनाचा शीतक नव्यास जोडणें तर त्याहून घातक. त्याच्या अरुंद मार्गांत अडकलेला धातूचा चुरा सुटून नवीं बेअरिंगें खातो.

१९९७ मध्यें धूर व आवाज यांवरील निर्बंधांपुढें कारखान्यानें हट्ट सोडला आणि नव्या ९११ मध्यें पाणी आलें. जुन्या पद्धतीची शेवटची गाडी १९९८ त बाहेर पडली. नव्या गाडींत तेल आपली उष्णता एंजिनापाशींच पाण्यास देतें, आणि नाकापर्यंतची फेरी आतां पाणी करतें.