सोरायसिस किती टक्के? हातांना विचारा!

मंडळी, अंगावर पांढरट पापुद्र्यांचे चट्टे दिसले की धुळे-जळगावच्या खेड्यांत अजूनही कुजबुज सुरू होते, ‘महारोग तर नाही ना?’ ही भीती आजची नाही.

चरकसंहितेत त्वचेच्या अठरा विकारांना ‘कुष्ठ’ हे एकच नाव आहे. त्यातलं ‘एककुष्ठ’ माशाच्या खवल्यासारखं. आजचे वैद्य सोरायसिसची तुलना बहुधा त्याच्याशी करतात. युरोपातही हाच घोळ होता. १८४१ साली व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रांनी सोरायसिस आणि कुष्ठरोग पक्के वेगळे केले. पण लोकांच्या मनातून भीती गेली नाही. इथे इंग्रजांनी १८९८ साली महारोग्यांचा कायदा केला. भीक मागणाऱ्या रुग्णाला पकडून आश्रमात डांबता येई. तो रद्द व्हायला २०१६ उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ पर्यंत कायद्यात होतं, आणि तोही आजार औषधाने बरा होतो! मग साध्या चट्ट्यालाही लोक लपवणार नाहीत तर काय?

दुसरा इतिहास मोजमापाचा. १९७८ साली फ्रेड्रिक्सन आणि पेटर्सन या डॉक्टरांनी ‘पासी’ हे माप दिलं. लाली, जाडी, पापुद्रे आणि चट्ट्यांचा पसारा बघून ० ते ७२ गुण. पसारा मोजायला रुग्णाचाच तळहात घेतात. बोटांसकट एक हात म्हणजे साधारण एक टक्का अंग.

आता हिशेब करा. कापूस वेचणाऱ्या बाईचे दोन्ही तळहात फाटले तर झाले दोन टक्के. कागदावर आजार ‘सौम्य’. पण बोंडाला हात लावला की रक्त येतं, रोज बुडतो. शिवाय सावळ्या कातडीवर लाली जांभळट-तपकिरी दिसते, तीही कमीच मोजली जाते.

ही उणीव ओळखून १९९४ साली ब्रिटनमध्ये फिनले आणि खान यांनी दहा प्रश्न तयार केले : खाज, कपडे, कामधंदा, घरातली नाती. चट्टे थोडे असले तरी जगणं अडलं असेल तर आजार गंभीर धरावा, हे पुढे मान्य झालं.

बातमीदारी करताना ‘आठ दिवसांत गुण’च्या पाट्या मी वर्षानुवर्षं वाचतोय. अशा पुड्यांत स्टिरॉइड असेल तर ते अचानक सोडल्यावर आजार उसळून येतो. सोरायसिस शिवल्याने पसरत नाही. कायमचा जात नसला तरी आटोक्यात राहतो.

सरकारी दवाखान्यात गेलात तर नुसते चट्टे दाखवू नका भाऊ. काम काय करता, सांधे दुखतात का, रात्री झोप लागते का, हेही सांगा. विचारलं नाही तरी सांगा.