तुरीची मर आणि वनस्पतींचे अर्क

फुलोऱ्यावर आलेले तुरीचे झाड जमिनीत पुरेशी ओल असतानाही उभ्याउभ्या वाळते. बुंधा उभा चिरल्यास आत काळपट रेषा दिसतात. हाच तुरीवरील मर रोग. 'फ्युजेरियम उडम' ही जमिनीतील बुरशी मुळांवाटे शिरते आणि झाडाच्या जलवाहिन्या बंद पाडते. आयरिश बुरशीतज्ज्ञ एडविन बटलर यांनी १९०६ मध्ये या रोगाचे वर्णन केले. धरमपेठेपासून जवळच, महाराजबाग परिसरातील कृषी महाविद्यालयही त्याच वर्षीचे. विदर्भातल्या तुरीची ही डोकेदुखी अद्याप संपलेली नाही.

रासायनिक बुरशीनाशकांना पर्याय म्हणून लसूण, कडुनिंब, तुळस, निलगिरी यांच्या अर्कांकडे मोठ्या आशेने पाहिले जाते. प्रयोगशाळेत बुरशीच्या खाद्यात अर्क मिसळून तिची वाढ मोजतात. या चाचणीत लसूण बहुधा सरस ठरतो. पाकळी ठेचताच तयार होणारे 'अ‍ॅलिसिन' बुरशीला मारक असते. पण ते अस्थिर असल्याने फार काळ टिकत नाही.

खरी अडचण शेतात येते. काचेच्या बशीत बुरशी आणि अर्क समोरासमोर असतात. शेतात अर्क पातळ होतो, काळ्या मातीचे चिकण कण त्यातील द्रव्ये धरून ठेवतात आणि मातीतले जिवाणू त्यांचे विघटन करतात. शिवाय झाडाने मान टाकली म्हणजे बुरशी खोडात पोचलेली असते; तेव्हा पानांवर अर्क फवारणे हा खर्च वायाच जातो. त्यापेक्षा पेरणीपूर्वी निंबोळी पेंड मातीत मिसळणे आणि बियाण्याला ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची प्रक्रिया करणे अधिक भरवशाचे. गच्चीवर कुंडीत वाल किंवा घेवडा लावणाऱ्यांनाही मूळकूज टाळण्यासाठी हेच उपयोगी पडते; मात्र कुंडीत पाणी साचू देऊ नये.

वनस्पतीचा सर्वांत परिणामकारक उपयोग बहुधा बाटलीबाहेरचाच आहे. तुरीबरोबर किंवा तुरीआधी ज्वारी घेतल्यास मर लक्षणीय घटते, असे प्रयोगांत दिसले आहे. ज्वारीच्या मुळांतून पाझरणारी द्रव्ये बुरशीला रोखतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. विदर्भात ज्वारी-तुरीची जोडी जुनीच. सोयाबीन आणि कपाशीने ज्वारीला मागे सारले, तशी ती मोडत गेली. बुरशी मात्र तुरीच्या धसकटांत दोन-तीन वर्षे तग धरते. म्हणून त्याच शेतात लागोपाठ तूर घेणे टाळावे आणि मर-प्रतिकारक वाण निवडावा. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा 'बीएसएमआर ७३६' हा त्यांपैकीच एक.